आबांची चूक दाखवायला धुळ्याला

लोक धुळ्याला लग्नाला जातात, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. मी गेलो होतो आबांची चूक दाखवायला, अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात. आबा कॉलेजात आमचे भौतिकशास्त्राचे सर. आकाशात मधूनच गॅमा किरणांचे काही सेकंदांचे स्फोट होतात, ते कुठून येतात, असा प्रश्न त्यांनी चौऱ्याऐंशीत चाचणीत घातला. मी लिहिलं, 'आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडून.' आबांनी लाल फुली मारली, पाचपैकी शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, 'उतावळा'. हे विशेषण पुढे माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचलं. सत्त्याण्णवात अशा एका स्फोटाचं अंतर मोजलं गेलं, अब्जावधी प्रकाशवर्षं. मग मी कसला थांबतो.

जळगावच्या पिंप्राळ्यातून सकाळी सहाला स्कूटर काढली, डिकीत ती चाचणीची वही. जाणाऱ्यांसाठी सांगतो, टाकी जळगावातच भरा. दीडशे रुपयांत जाऊन येऊन नाश्त्यासकट भागायचं तेव्हा. एरंडोलला गरम पोहे मिळाले. पद्मालयाचा गणपती मी परतीच्या वाटेसाठी ठेवला, म्हटलं जिंकूनच दर्शन घेऊ. पारोळ्यापर्यंत कापसाचा एक ट्रक पुढे होता. तो वाटही देईना आणि कापूस अंगावर टाकायचंही सोडेना. उरलेली कसर धुळ्याअलीकडच्या वीटभट्ट्यांनी भरून काढली.

दारात अक्का होत्या, आबांच्या पत्नी. "पहिले हातपाय धोई ले भाऊ. पारोळाकडतीन उना ना?"

"कसं ओळखलंत?"

"डोकामा कापूस शे, सदरावर इटास्नी धूळ शे. बठ्ठा रस्ता आंगवर लई उना तू." म्हणजे अख्खा रस्ताच मी अंगावर घेऊन आलो होतो.

पाहुण्यानं जेवणाआधी भांडण काढायचं नसतं. म्हणून भरीत आणि कळण्याची भाकरी संपेपर्यंत वही मांडीखाली दाबून बसलो. मग ती आणि वर्तमानपत्राचं कात्रण पुढे सरकवलं.

"वाचलंय मी," आबा म्हणाले. "तुझं बरोबर, माझं चूक."

वाटभर घोकलेलं भाषण वाया गेलं.

"पण लांबून येतात हे कळलं कसं? आणि कळून उपयोग काय?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"स्फोट विझतो, पण मागे मंद उजेड काही दिवस राहतो," आबा म्हणाले. "तो येताना वाटेतल्या दीर्घिकांमधून, म्हणजे दुसऱ्या आकाशगंगांमधून येतो. तिथला वायू आणि धूळ त्यातले ठरावीक रंग खातात. कुठले रंग गेले ते बघितलं, की ती दीर्घिका दिसत नसली तरी तिच्यात काय आहे ते समजतं, ती किती लांब आहे तेही. याहून लांबचे स्फोट सापडले, तर विश्व कोवळं असतानाचंसुद्धा कळेल. हिनं आत्ता तुझा सदरा वाचला, तसंच. फरक इतकाच, तुझ्या अंगावर धूळ चढली, त्या उजेडातले रंग कमी होतात."

अक्का ताक वाढत होत्या. सदऱ्यावरची धूळ झटकायची आता मला लाज वाटायला लागली. आबांनी लाल पेन मागवलं, फुली खोडली आणि शून्याच्या जागी तीन केले. "कारण लिहिलं नाहीस," म्हणाले.

येताना पद्मालयाला गेलो, पण जिंकलो की हरलो ते गणपतीला नीट सांगता येईना. घरी बायकोनं सदरा थेट बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी उत्तराखाली सगळं कारण लिहिलं आणि वही पोस्टानं धुळ्याला पाठवली. आबा आता नाहीत. वही अजून माझ्याजवळ आहे. महिन्यानं ती परत आली तेव्हा तिच्यावर पाचपैकी चार होते. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'एक मार्क उशिराबद्दल कापला आहे.' आणि 'उतावळा' हा शब्द त्यांनी खोडला होता.