विचारायची मुदत

अख्ख्या म्हैसूर राज्यात लेखकांची बूज राखणारा माणूस शोधला, तर माझ्या ताईच्या चुलतसासऱ्यांवाचून दुसरा सापडला नसता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं घर. दिवसभर सरकारी कारखान्यात दुसऱ्यांच्या नकाशांच्या हुबेहूब नकला काढणारा हा गृहस्थ घरी मात्र परवानगीशिवाय कुणाची ओळ उतरवू द्यायचा नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, शेजारणीची पाककृती वहीत लिहायला बसल्या, तरी "आधी विचारून ये गं!" गणपतीत नाटक बसवायचं, तर लेखकाला उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड गेलंच पाहिजे. एका वर्षी उत्तरच आलं नाही. तालमी झालेल्या, पडदे रंगवलेले, आणि अण्णांनी नाटक रद्द केलं! आम्ही असे भडकलो म्हणता! "स्वल्प थांबा," म्हणाले, आणि आठ दिवसांत स्वतःच नाटक लिहून दिलं. काय रंगलं म्हणून सांगू!

त्या नाटकाच्या वहीच्या आणि तिच्या प्रत्येक नकलेच्या पहिल्या पानावर अण्णांनी लिहिलं होतं, 'दहा वर्षं मला विचारा. पुढे नाटक सगळ्यांचं.' मधे नवा कायदा आला, लेखक गेल्यावरही पन्नास वर्षं हक्क! मी हौसेने बातमी सांगायला गेलो, तर माझ्यावरच उखडले. "अरे, हक्क देतात तो माणसानं पुढचं लिहावं म्हणून. मेल्यावर मी काय लिहिणार, कप्पाळ?"

जिवंतपणीही दुसरं नाटक काही झालं नाही, तो भाग वेगळा. पण दरवर्षी हुबळी-बेळगावकडून एखाद्या मंडळाचं कार्ड यायचं. अण्णा ते आम्हाला दोनदा वाचून दाखवायचे, कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचे आणि लगेच परवानगी लिहायला बसायचे.

दहा वर्षं भरली आणि कार्डं थांबली. नाटक होत होतं, विचारत कुणी नव्हतं. वहीच तसं सांगत होती ना! तरी गणपती जवळ आले की अण्णा टपालाच्या वेळेला फाटकाशी उभे. मला ते बघवेना. शेवटी समोरच राहत असून मीच त्यांना नाटकाची परवानगी मागणारं जोडकार्ड टाकलं.

"मुदत संपली, वाचता येत नाही का तुला?" अण्णा रस्त्यापलीकडून ओरडले. पण कार्ड त्यांनी दोनदा वाचलं, मी खिडकीतून पाहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, तेही टपालानंच: 'परवानगीची गरज नाही. तरी दिली आहे.'

आता अण्णा नाहीत. त्यांचं नाटक करायला कुणाला विचारावं लागत नाही. तरी तालमीआधी मी ते कार्ड सगळ्यांना वाचून दाखवतो. दोनदा.