सुनेच्या मापाचा ओटा

माझी थोरली जाऊ सोनूबाई. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. उंचीनं एवढीशी. वडीगोद्रीच्या बाजारात शिरली की गर्दीत सापडायची न्हाई, हाका मारत हिंडावं लागायचं. पण हट्ट विचाराल तर बाई बाई! एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी हलायची न्हाई. मी उषा, तिची धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर माझं. माझं तोंड फाटकं, तिचं शिवलेलं, म्हणून आमचं जमलं.

जन्मभर ती जमिनीवर बसून रांधत आली. शहाण्णव साली तिच्या एकुलत्या एक पोराचं, बद्रीनाथचं, लग्न जमलं. पोरगी सत्यशीला, जालन्याची, शिकलेली अन् उंच, थेट बद्रीच्या खांद्याला खांदा. बैठकीत पोरीच्या आईनं हळूच विचारलं, "सैपाकघरात ओटा आहे ना? आमच्या पोरीला उभ्यानं करायची सवय आहे."

मला असा राग आला! म्हणणार होते, पोरगा बघून पोरगी देता का ओटा बघून? पण अक्का आधीच बोलली, "हाये की. होऊनच राह्यलाय."

होऊन काय राह्यला होता, डोंबल! सैपाकघरात मातीची चूल अन् उखडलेली शहाबादी फरशी, दुसरं काही न्हाई. परतताना बसमधेच तिनं मला सांगितलं, "उषे, ओटा असा पाहिजे की सुनेच्या सुनेनं त्याच्यावर पोळ्या लाटल्या पाहिजेत."

मंग सुरू झालं तिचं दगड पारखणं. जालन्याला फरशीच्या दुकानात गेलो. दुकानदार इनायतभाई नमुने दाखवून थकला, ही म्हणते, "नुसतं बघून काय कळतंय? फुटके तुकडे द्या, घरी नेते." त्यानं कपाळाला हात लावला अन् दिले. पिशवीत दगड घेऊन येणाऱ्या आम्ही दोघी, लोक बघून हसून राह्यले.

घरी तिनं तुकडे परसात मांडले. संगमरवरावर हळदीचं तेल ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी घासून हात दुखले, पिवळा डाग जागचा हलला न्हाई. कडप्प्यावर लिंबू पिळलं तर पांढुरका ठिपका उठला, अन् वरवंटा आपटला तर कडेचा कपचा निघाला. काळ्या ग्रॅनाइटवर चिंच चोळली, ठेचा वाटला, तापलेला तवा ठेवला. त्याला काही व्हायलाच तयार न्हाई.

भुजंगभावजी, म्हणजे तिचे मालक, म्हणाले, "अगं, कडप्प्यात भागतंय की."

"भागवायचं माझ्यासाठी असतंय," अक्का म्हणाली. "हे सुनेसाठी आहे."

मागच्या भिंतीला भावजींना द्राक्षं-सफरचंदाच्या चित्रांच्या टाइल्स पाहिजे होत्या. अक्का म्हणाली, "फोडणीचे शिंतोडे उडले की तुमच्या सफरचंदाला देवी निघतील." तिनं साध्या पांढऱ्या, मोठ्या टाइल्स घेतल्या. मोठ्या का, तर सांधे कमी येतात. सांध्यातच तेल बसतंय अन् सुनेला घासत बसावं लागतंय. तोंडी सारखं सुनेला, सुनेला. मला तर कधीमधी हेवा वाटायचा त्या पोरीचा.

ओटा बांधायला बदरोद्दीन मिस्त्री आला. म्हणाला, "भाभी, इथं उभ्या राहा. कोपराच्या खाली चार बोटं ओटा बराबर असतो." अक्कानं कनवटीचा नाडा काढून त्याच्या हातात दिला. "या गाठीला कोपर समजा."

तो नाडा मी ओळखला. साखरपुड्याच्या दिवशी "परकराचं माप घेते गं बाई" म्हणून तिनं सत्यशीलाला उभं केल्तं, अन् जमिनीपासून कोपरापर्यंत नाडा धरून गाठ मारल्ती. पोरीला काय माहीत परकर कोपरापर्यंत मोजत न्हाईत ते! लाजून उभी राह्यली बिचारी.

मिस्त्री नाडा बघून म्हणाला, "भाभी, हा तुमच्या छातीला लागंल."

"लागू द्या. मी काय जन्मभर रांधू का? सून आली की मी पाटावर बसून आयतं खाणार."

मला मात्र तिनं गळ्याची आण घातली. "तिला सांगायचं न्हाई. सांगितलं की उपकार होतो. उभी राह्यली की तिचं तिला कळंल."

लग्न झालं. आमच्याकडं रीत आहे, हातावरची हळद फिकी पडेपर्यंत नव्या नवरीनं रांधायचं न्हाई. माहेरी जाऊन आली की ओटी भरायची अन् मंग तिच्या हातचं पुरण. सत्यशीला एकदा आत आली, लाटणं उचललं. अक्कानं ते हातातून काढून घेतलं. "ठेव बाई, ठेव. तू बाहेर बस." पोरगी गेली बाहेर. मंग माहेरी गेली, अन् तेवढ्यात बद्रीला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली. तो तिला माहेरूनच परस्पर घेऊन गेला. पुरण राहून गेलं.

तवापासून अक्का पाटावर उभी राहून रांधायला लागली. जेवायला बसायचा पाट तिनं ओट्यापुढं टाकला. त्याच्यावर चढायचं, भाजी परतायची, उतरायचं, डबा काढायचा, परत चढायचं. गुडघे धरून राह्यले तिचे. भावजी वैतागले, "तो ओटा खाली तरी करून घे." मिस्त्री बघून गेला; म्हणाला, दगड असा पक्का बसलाय की फोडावा लागंल. अक्का म्हणाली, "फोडला तर ती कुठं उभी राहील?"

दिवाळीला, आखाजीला पोरं यायची. सत्यशीला सैपाकघराच्या दारात यायची अन् अक्का तिला पिटाळायची. "चार दिवस आलीस, बस निवांत." मी भांडायचे, "अगं येडे, उभी राहू देशील तवाच कळंल ना तिला!" तर म्हणायची, "पाव्हण्यासारखं येतंय लेकरू, त्याला राबवू का? कायमची येईल तवा करील." मी डोकं फोडून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

एका साली अंकुशनगरच्या कारखान्यात बद्रीसाठी जागा निघाली. हाकेच्या अंतरावर नोकरी! अक्कानं टाइल्स सोड्यानं धुतल्या, ओटा खोबरेल लावून चमकवला. आल्यागेल्याला सांगत सुटली, "सून येऊन राह्यली माझी." बद्रीनं नोकरी घेतली न्हाई. का, ते कुणी सांगितलं न्हाई. अक्कानं विचारलं न्हाई. त्या दिवशी तिनं पिठलं केलं अन् ताटावर बसून डोळे पुसत राह्यली.

पुढं एकदा सकाळी भाकरी थापताना तिचा पाय पाटावरून निसटला. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळली ती परत उठली न्हाई. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "ओट्यावर धूळ बसू देऊ नको गं."

तेराव्याच्या दिवशी गोड जेवण. घरात पाव्हणे, अन् पुरण घालायला बाया कमी पडल्या. सत्यशीला पदर खोचून आत आली. आता तिला बाहेर पिटाळायला कोणी नव्हतं. ओट्यापुढचा पाट तिनं पायानं बाजूला सारला, पोळी लाटायला घेतली. दोन-तीन झाल्या अन् थांबली. ओट्यावरून हात फिरवला.

"काकू, हा ओटा किती बराबर आहे हो! वाळूजला माझा ओटा खाली आहे, वाकून वाकून कंबर जाते. आई तर एवढ्याशा होत्या. त्यांनी एवढा उंच कशाला बांधला?"

गळ्याची आण होती, पण ज्या गळ्याची होती तो गळाच राह्यला न्हाई. मी सांगितलं. नाडा सांगितला, परकराचं खोटं माप सांगितलं, पाट सांगितला.

तिनं लाटणं खाली ठेवलं. "पण त्यांनी तर मला इथं कधी उभंच राहू दिलं न्हाई, काकू. मला वाटायचं, त्यांना त्यांच्या ओट्याला मी हात लावलेला चालत न्हाई. म्हणून तर अंकुशनगरची नोकरी... हे तयार होते. मीच नको म्हणले. म्हणलं, जिथं मला सैपाकघरात जागा न्हाई तिथं जन्म कसा काढू?"

तिच्यावर चिडू का त्या गेलेल्या येडीवर चिडू, मला कळंना. सत्यशीलानं तो पाट ओढला, त्याच्यावर बसली अन् पदरात तोंड घालून हुंदके द्यायला लागली. तव्यावरची पोळी करपून राह्यली. मी गॅस बंद केला अन् तिच्याजवळ खाली बसले. पाव्हण्यांची पंगत त्या दिवशी फार उशिरा बसली.