एकही धक्का न मारता: डुक्कर फियाटमधून नालवाडी ते समुद्रपूर

आमच्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी चार महिन्यांपासून एक मसाल्याची चक्की खोक्यात बसून होती. पाहुणे आले की तिच्यावर चहाचा ट्रे ठेवायचा, असा तिचा संसार. चक्की माझ्या बायकोची, मंगलाची. शेजारच्या दोघींना घेऊन तिला तिखट-हळद दळून द्यायचा धंदा सुरू करायचा होता. त्यासाठी लागणाऱ्या शेडमध्ये मात्र गेली नऊ वर्षं माझी फियाट उभी होती.

फियाट म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी नव्हे. त्या टॅक्सीची आजी म्हणा हवं तर. पुढून थोबाड लांबुळकं, म्हणून आपल्याकडे हिला डुक्कर फियाट म्हणायचे. इटलीत हिचं नाव मिलेचेंतो, म्हणजे अकराशे. नाव ऐकून वाटतं एखाद्या नटीचं असावं. पुढची दारं उलटी उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. हिंगणघाटच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये मला ती सापडली तेव्हा उंदरांनी तिच्या सीटमध्ये इतका कापूस भरला होता की गादी नव्यानं भरायचा खर्च वाचला. माझं वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान आहे, घर शेजारीच नालवाडीला. संध्याकाळी शटर पाडलं की मी तिच्याखाली आडवा. नऊ वर्षांत इंजिन दोनदा उतरवलं, पत्रा तीनदा घासला, रंग चारदा बदलला. गाडी चालायची. फक्त सुरू व्हायला तिला माणसं लागायची.

एप्रिलमध्ये नागपूरहून एक ढाबेवाला येऊन गाडी बघून गेला. त्याला ती ढाब्याच्या फाटकापाशी उभी करायची होती, बोनेटमध्ये कुंड्या लावून. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मंगलानं मात्र त्याचा नंबर लिहून घेतला.

मग मे महिन्यात समुद्रपूरहून तिच्या भावाचं, देवरावचं, रसाळीचं आमंत्रण आलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: आंब्याच्या दिवसांत लेकी-जावयांना रस खायला बोलावायची आमच्याकडे रीत आहे. जावई उठू शकत नाही इतका रस वाढतात. मंगला म्हणाली, "आपण या गाडीनं जाऊ. वडनेरलेही जाऊ, तुमचं ते झाकण आणाले. पण जाऊन घरी येईपर्यंत मागून कोनाचा हात लागला, एक जरी धक्का बसला, तर मी त्या ढाब्यावाल्याले फोन करीन. नाई लागला तर चक्कीसाठी भाड्यानं खोली पाहीन. मंजूर?"

दीडशेएक किलोमीटरचा प्रवास, मे महिना, आणि जिच्या मागे आजवर निम्मी नालवाडी धावलेली अशी गाडी. मी मंजूर म्हणालो. नऊ वर्षांनंतर माणसाला स्वतःच्या हातावर थोडा तरी भरवसा असावा लागतो.

सकाळी साडेपाचला निघालो. चोक ओढला, स्टार्टर मारला, आणि तो घुर्रर्र आवाज ऐकून समोरचे मास्तर लुंगी खोचत बाहेर आले. त्यांच्यामागे आणखी तिघे. बिचाऱ्यांना सवय झालेली. मास्तर डिकीला हात टेकवणार, तोच मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो.

"मास्तर, लांब व्हा! हात लावू नका!"

"काऊन बापा? राग आला का?" मास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

तिसऱ्या स्टार्टरला इंजिन लागलं. मास्तर हात हवेत धरून तसेच उभे होते. इतकी वर्षं मदत केलेल्या माणसाला असं झिडकारताना मला फार वाईट वाटलं.

वायगाववरून हिंगणघाट. रस्ता चांगला आहे, सकाळी रहदारी नसते, आणि जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर सहाच्या आत निघा. चाळीस-पंचेचाळीसच्या वर मी काटा जाऊ दिला नाही. ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला हात दाखवून पुढे गेले. हिंगणघाटला पोहे खाल्ले, वर झणझणीत तर्री. पोह्यांसाठी याहून चांगली हॉटेलं असतील, पण या हॉटेलसमोर उतार आहे. जुन्या गाडीचा मालक हॉटेल चवीवरून निवडत नाही. आमचा मुलूख पोळपाटासारखा सपाट असल्यामुळे जिल्ह्यातले सगळे उतार मला पाठ आहेत. धक्का नको असेल तर गाडी उतारावर तोंड करून ठेवायची, ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. मंगलानं पोहे खाता खाता ही युक्ती बघितली आणि म्हणाली, "हे चालते. उतार काही कोनाचा हात नाई."

वडनेरला शंकरराव नावाचे एक शेतकरी आहेत. माझ्या दुकानातून तार नेणाऱ्या गिऱ्हाईकानं सांगितलं होतं की त्यांच्याकडे माझ्या गाडीच्या चाकाची टोपी आहे, म्हणजे ते मधलं चकचकीत झाकण. माझ्या तीन चाकांना टोप्या, चौथं बोडकं. पाच वर्षं मी ती शोधत होतो. शंकररावांच्या अंगणात गेलो तर टोपी समोरच होती. उताणी ठेवलेली, पाणी भरलेली, आणि भोवती सात कोंबड्या.

"घेऊन जा ना," शंकरराव म्हणाले, "पण कोंबड्या काय्हात पानी पितीन?"

कोंबड्यांचं त्या गिऱ्हाईकानं आधीच सांगितलं होतं. डिकीतून दोन नवी कोरी घमेली काढली. एका घमेल्यात पाणी ओतलं. कोंबड्या आल्या, बघितलं, आणि परत टोपीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शंकरराव बाजेवर बसले आणि मलाही बसायला सांगितलं. "त्याहिले पटू द्या. जनावराले जबरदस्ती कराची नाई." पाऊण तास आम्ही कोंबड्यांना पटायची वाट बघितली. तेवढ्यात त्यांनी गाडीचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"अजब हाय! आमी डुकरं हाकलून हाकलून थकलो, अन् तुमी घरी आनून पोसून राह्यले."

शेवटी एक धीट तलंग कोंबडी घमेल्यावर चढली आणि व्यवहार पुरा झाला. टोपी धुऊन चाकाला बसवली. एका ठोक्यात बसली. त्या आवाजासाठी मी आणखी शंभर किलोमीटर गेलो असतो.

पण त्या पाऊण तासानं घात केला. अकरा वाजून गेले. समुद्रपूरसाठी मागे वळलो, तर हायवेला हिंगणघाटच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. या आजाराला मी चांगला ओळखतो. उन्हानं पंपातलं पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते, आणि इंजिन उपाशी राहतं. मागे मी इंटरनेटवर एका इटालियन म्हाताऱ्याला यावर उपाय विचारला होता. त्यानं लिहिलं, तीस अंशांच्या वर मी गाडी बाहेरच काढत नाही. आमच्याकडे तीस अंशाला लोक स्वेटर शोधतात. आमचा उपाय वेगळा: पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि गप्प बसायचं.

फडकं घरीच राहिलं होतं.

तेवढ्यात मजुरांनी भरलेली एक ट्रॉली थांबली आणि आठ-दहा जण न सांगता खाली उतरले. आपल्याकडे बंद गाडी दिसली की माणसाला राहवत नाही. मंगला छत्री उघडून डिकीसमोर उभी राहिली.

"कोनी हात लावाचा नाई."

"काऊन बाई? करंट मारते का?" एकानं विचारलं.

"करंट नाई मारत. हात लावला तर विकाव लागते."

ते कोड्यात पडले, पण हलले नाहीत. दहा माणसं रस्त्याकडेला उकिडवी बसली आणि आमचं काय होतं ते बघू लागली. मी शर्टाखालचा बनियन काढायला लागलो, तेव्हा मंगलानं डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडला. पिण्याच्या पाण्याची अर्धी बाटली त्यावर रिकामी केली आणि मला म्हणाली, "सरका. तुमाले नीट गुंडाळता येत नाई." तिनं तो पंपाभोवती असा गुंडाळला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर गुंडाळतात. गाडी सुरू झाली नाही तर शेडची जागा तिचीच होती. मी न राहवून विचारलं, तू मला मदत का करते आहेस?

"मले माहेरी वेळेवर पोचाचं हाय. रस गरम होऊन राह्यला असन."

वीस मिनिटांनी इंजिन लागलं. ट्रॉलीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हॉर्न वाजवला, तोही वाजला.

समुद्रपूरला दीड वाजता पोचलो. देवराव फाटकातच उभा होता. मंगलापेक्षा सहा वर्षांनी लहान, आता केस पांढरे, कापसाचा आणि बियाण्याचा व्यापार. पण ताई आली की अजून शर्टाची बटणं लावायला विसरतो. जेवणाचं काय सांगू? रस, पोळ्या, पातोडीची भाजी, कुरड्या, परत रस. "जवाईबापू, एक वाटी," असं म्हणून देवराव पातेलं घेऊनच शेजारी बसला. मी सातव्या वाटीला हात आडवा धरला तर त्यानं हातावर वाढलं. नंतर आम्ही बाजेवर आडवे झालो, आणि या भानगडीत मी त्याला धक्क्याची अट सांगायला विसरलो. आजतागायत मला वाटतं की ही चूक त्या सातव्या वाटीची आहे.

पाचला निघालो. मंगलाची ओटी भरली. डिकीत तुरीची डाळ, आंबे आणि एक भोपळा चढला, कारण माहेराहून रिकामं कुणी पाठवत नाही. मी देवाचं नाव घेऊन स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा! इंजिन असं एका लयीत चालत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उतार नाही, फडकं नाही, काही नाही. आता फक्त घर गाठायचं होतं. मी गिअर टाकला आणि सहज आरशात बघितलं.

देवराव पळत येत होता. घरातून नुकताच, आंबे पिळता पिळता उठलेला. त्यानं आधी पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला. मग मागे गेला, दोन्ही हात डिकीवर टेकवले, आणि सगळा जोर लावून सुरू असलेल्या गाडीला धक्का दिला.

नारळ फुटला. गाडी पुढे गेली. तो मागे उभा राहून बाहीनं डोळे पुसत होता आणि ओरडत होता, "ताई, जाऊन येजो!"

मंगलानं तोंड खिडकीकडे वळवलं. हिंगणघाट गेलं, वायगाव गेलं, तरी ते इकडे वळलं नाही. मी एकदा म्हणालो की इंजिन तर सुरू होतं. तिनं खिडकीची काच आणखी खाली केली. मला बोनेटमधल्या कुंड्या दिसायला लागल्या. झेंडूच्या असणार.

दिवेलागणीला नालवाडीत पोचलो. मंगला आत गेली आणि मी लगेच गाडीच्या मागे आलो. डिकीवर धुळीत दोन पंजे उमटले होते, आंब्याच्या रसाचे, पिवळेधम्मक, दहाही बोटं मोजून घ्यावीत असे. पुरावाच. मी फडकं ओलं केलं. लाज सोडून सांगतो, मी ते पुसणारच होतो.

"पुसू नका."

ती दारात उभी होती. पदर हातात, डोळे लाल.

"आपल्या लग्नात पाठवणीले एसटी होती," ती म्हणाली. "बहिणीच्या गाडीले भावानं धक्का द्याचा असते. देवा बारा वर्षांचा. एसटीमागं जाऊन लावत होता जोर, अन् कंडक्टरनं त्याले कान धरून बाजूले केलं. मी खिडकीतून पाह्यलं. सासरी येईपर्यंत रडत होती मी. तुमाले वाटलं घर सुटलं म्हणून."

मला खरंच तसंच वाटलं होतं. एकतीस वर्षं.

"मग आता? तो ढाबेवाला?" मी घाबरत विचारलं.

"तो धक्का गाडीले नव्हता. मले होता."

दुसऱ्या दिवशी तिनं ढाबेवाल्याला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही, माहेरची आहे. मीही मग थोडी अब्रू राखली. भाड्याची खोली वगैरे काही नको म्हणालो, शेड रिकामी केली, मास्तरांची माफी मागितली आणि त्यांच्याच मदतीनं चक्की आत बसवली. फियाट आता अंगणात ताडपत्रीखाली असते आणि तिला तिखटाचा वास येतो. हॉलमध्ये चहाचा ट्रे ठेवायला मात्र जागा उरली नाही.

कुणाला अशी सहल करायची असेल तर हिशेब असा: पेट्रोल सोळाशेचं, पोहे-चहा साठ, दोन घमेली, एक दुपट्टा. दुपट्ट्याचा डाग जात नाही. मेमध्ये जाऊ नका, आणि गेलातच तर सातव्या वाटीला नाही म्हणा.

काल रविवार होता, म्हणून गाडी धुतली. डिकी सोडून.