कार्पेटवरचं मीठ

गेल्या हिवाळ्यात गाडी सिग्नलला थांबली की मी हात खाली सोडून पायाजवळच्या कार्पेटला बोट लावून बघायचे. ओलं आहे का, एवढंच. ओलं असलं की जीव वरखाली, कोरडं असलं तरी समाधान नाही, कारण मॅटच्या पलीकडची कड राहिलेली असायची. तोवर सिग्नल हिरवा व्हायचा. एकदा तर मी ते बोट जिभेला लावून पाहिलं. खारट लागलं. त्या दिवशी ऑफिसात कोणाशीच धड बोलले नाही.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण माझी नोकरीच मिठाशी आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विमानांचे सुटे भाग बनतात. मी ते भाग एका बंद पेटीत टांगते, आठवडेच्या आठवडे त्यांच्यावर खाऱ्या पाण्याचा फवारा सोडते आणि ते कुठे कुठे खराब होतात ते बघते. त्यामुळे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ट्रक तपकिरी मीठ उडवत गेला की बाकीच्यांना सुरक्षित वाटतं आणि मी माझ्या बुटांकडे बघते. ते मीठ चिखलासकट बुटांना चिकटतं, बुटांवरून कार्पेटमध्ये उतरतं आणि तिथे बसून हवेतला ओलावा ओढत राहतं. माझी आधीची गाडी अशीच गेली. आधी कार्पेटवर पांढऱ्या रेघा, मग काचांना आतून वाफ, मग कुबट वास. शेवटी कार्पेट उचललं तर खालच्या पत्र्याचे पापुद्रे निघत होते.

नवी गाडी माझ्या पसंतीची, माझ्या एकटीच्या नावावरची. आतलं कार्पेट फिकट राखाडी. तो रंग निवडण्याचा मूर्खपणाही माझा एकटीचाच.

मग मी नियम केले. उंच कडांच्या रबरी मॅट, त्यांच्याखाली जुने टॉवेल, टॉवेल रोज संध्याकाळी वाळायला घरातल्या गरम रेडिएटरवर. कोणीही सरळ पाय आत टाकायचा नाही. आधी सीटवर आडवं बसायचं, पाय बाहेर, बूट एकमेकांवर आपटायचे, दारातल्या ब्रशने झाडायचे, मगच आत. नवरा मुकाट्याने ट्रेनने जायला लागला. मुलगी अकरा वर्षांची, तिला सुटका नव्हती. ती डोळे आभाळाकडे फिरवत बूट आपटायची.

बाबा नोव्हेंबरात आले होते. आई पावसाळ्यात गेली होती आणि मी एकुलती एक. लोक आईवडिलांना इकडे उन्हाळ्यात आणतात, पण दिवाळी झाल्यावर त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवायची माझी हिंमत होईना. त्यांच्या व्हिसावर सहा महिने राहता येत होतं. ते सहाच्या सहा महिने राहावेत आणि मग दर हिवाळ्यात यावेत, एवढंच मला हवं होतं. त्याहून जास्त काही मी त्या वर्षी मागितलं नाही.

पण बाबा जुन्या वळणाचे. त्यांचे वडील आमच्या आत्याच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. बाबा पाणी प्यायचे, पण पेला लगेच धुऊन, पुसून, होता त्या जागी ठेवायचे. सोफ्याच्या कडेवर बसायचे. हीटिंग वाढवायचं तर विचारायचे, आणि खरंच थंडी वाजत असली तर विचारायचेही नाहीत, शाल घेऊन बसायचे. मी चिडायचे. 'बाबा, हे तुमचंच घर आहे!' असं मी जितकं ओरडून सांगायचे, तितके ते आणखी कडेला सरकायचे. शांतपणे सांगायला मला जमत नाही. लहानपणापासून नाही जमलं.

जानेवारीत दोन दिवस बर्फ पडला आणि पुढचा आठवडाभर त्याची राड झाली. आमची गल्ली पुढे बंद होते, त्यामुळे कौन्सिलचा ट्रक तिथे येत नाही. कोपऱ्यावर कौन्सिलने ठेवलेल्या पिवळ्या पेटीतलं मीठ शेजारी फावड्याने पसरतात, तेही ज्याच्या त्याच्या दारापुरतं. मधल्या जागेत रात्री पाणी गोठायचं आणि सकाळी त्यावर दुसऱ्यांच्या दारातली खारट राड वाहून यायची. मी दिवसातून दोनदा खिडकीतून रस्ता बघायचे, जणू माझ्या बघण्याने तो वाळणार होता.

बाबांना सीटवर आडवं बसून पाय बाहेर ठेवणं जमेना, कंबर धरायची. मग त्यांनी आपला मार्ग काढला. गाडीच्या दाराला धरून उभ्या उभ्या एक बूट काढायचा, मोज्यातला पाय आत टाकायचा, बसायचं, मग दुसरा काढायचा. बूट पिशवीत आणि पिशवी मांडीवर. आयुष्यभर घराच्या उंबऱ्याशी चपला काढल्या, तेच त्यांनी गाडीपाशी केलं. मला कोण आनंद झाला! इतक्या दिवसांत एक तरी माणूस असा निघाला की ज्याला मीठ कळलं. 'बघा, शिका जरा आजोबांकडून,' मी घरात सगळ्यांसमोर म्हटलं. बाबा लाजून हसले. आल्यापासून पहिल्यांदाच आपलं काहीतरी बरोबर झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यांना ते करत राहावंसं वाटलं यात नवल नाही.

मुलीने मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. "आई, आजोबा पडणार. तो एका पायावर उभा असतो. इट्स ऑल आइस देअर, सीरियसली."

"तो नाही, ते," मी म्हटलं. माझ्या हातात ओला टॉवेल होता आणि मला तो वाळत घालायची घाई होती.

शनिवारी सकाळी बाबांना केस कापायला न्यायचं होतं. मुलगी मागे बसली होती. मी इंजिन सुरू करून, वाकून, माझ्या पायाखालच्या मॅटची दुमडलेली कड सरळ करत होते. त्यामुळे मी ते पाहिलं नाही. दार गदकन हललं, पिशवी फरफटल्याचा आवाज आला आणि मुलगी किंचाळली.

मी पळत पलीकडे गेले. बाबा फुटपाथच्या कडेला बसल्यासारखे पडले होते. एक मोजा राडीत भिजलेला. उजव्या हातात काढलेला बूट अजून नीट उभा धरलेला. डावं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं.

"काही नाही, काही नाही," ते म्हणत होते. "घसरलं जरासं. तुम्हाला उशीर होईल."

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण बरंच बोलले आणि मोठ्याने बोलले. ते बूट विकणाऱ्या दुकानवाल्याच्या, कौन्सिलच्या, शेजाऱ्यांच्या नावाने ओरडले. मुलगी नुसती माझ्याकडे बघत होती. मला स्वतःची लाज वाटली.

कार्पेटसाठी घडी करून ठेवलेल्या कोरड्या टॉवेलमध्ये आम्ही त्यांचा हात गुंडाळला. काढलेला बूट मी माझ्या हाताने त्यांच्या पायात चढवला, होता तसा, चिखलाचा, आणि त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्या गाडीत कोणी बूट न झाडता बसलं.

हॉस्पिटल वीस मिनिटांवर. मी दर खड्ड्याला 'दुखतंय का' विचारत होते आणि ते दर वेळी 'छे' म्हणत होते. पहिल्या सिग्नलला मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि गुडघे उगाच वर उचललेले. मला वाटलं, कंबरेलाही लागलंय. मग खाली नजर गेली. त्यांनी दोन्ही बूट मॅटपासून दोन बोटं वर, अधांतरी धरले होते. मांड्या थरथरत होत्या.

"बाबा, पाय खाली ठेवा."

"हो हो." त्यांनी टाचा टेकवल्या. पुढच्या सिग्नलला बघते तर पुन्हा वर.

"पाय ठेवा म्हणते ना मी!" मी ओरडले. इतक्या जोरात की मुलगी मागून "आई!" म्हणाली.

त्यांनी पाय ठेवले. हळूच, आवाज न करता. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का, बघशील?"

"प्लास्टर निघेपर्यंत विमानात घेत नाहीत, बाबा," मी सांगितलं. साफ खोटं. विमानांचं मला कळतं असं ते मानायचे, त्या भरवशावर दडपून सांगितलं. "सहा आठवडे तरी लागतील."

"असं का?" ते विचारात पडले. "बरं. मग तेवढे दिवस मी आपला बसनं जात जाईन."