सव्वादोनाचा हात

समोर बाई आली की मावशी आधी तिचा हात हातात घेतात. बोटं जुळवून पंजा हलकेच दाबतात आणि बांगडीचं माप सांगून टाकतात. आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा तपासायला म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनीच तो पकडला. "सव्वादोन. पर हाडं लय कडक. हात सैल सोडायला शिका, मॅडम."

पेशंट कोण आणि फिजिओथेरपिस्ट कोण, तेच मला कळेना.

मावशी कामशेतच्या. पवना धरणाकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरून बांगड्या भरायच्या, हा सासूकडून आलेला धंदा. उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बांगड्यांची पेटी डोक्यावर चढवायची ती त्याच हातानं. उर्सेच्या टोलनाक्यावर कामाला असलेला मुलगा म्हणायचा, "अम्मी, आता बस करा. घरात काय कमी आहे?" त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं: "बसून करू काय? माज्या बायकांनी कुणाच्या हातनं भरायच्या?"

आम्ही फिजिओवाले कागद द्यायला पटाईत. मी त्यांना बारा आठवड्यांच्या व्यायामाचा कागद दिला. त्यांनी तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, आणि जिथं पोचेल तिथं मावशी नेलपॉलिशची रेघ ओढायच्या. विकायला आणलेल्या नेलपॉलिशची! तीन महिन्यांत लाल, गुलाबी, जांभळ्या रेघा दाराच्या चौकटीच्याही वर गेल्या.

"कागद संपला," त्या म्हणाल्या. "आता फुडं?"

"जमेल तसं करत राहा."

किती सोपं असतं असं म्हणणं! तुम्हीही पाहिलं असेल, बहुतेक बायका इथंच सोडून देतात. मुलांच्या परीक्षा, घरचं लग्न, सासऱ्यांचं दुखणं. वर्षानं येतात तेव्हा खांदा पुन्हा धरलेला असतो. मावशी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना सोडायला लावलं ते मी.

झालं असं, की पेटी घेऊन त्या पुन्हा वाड्यांवर फिरू लागल्या आणि उजव्या हाताला सूज आली. माझ्या टेपेच्या आधी त्यांना कळलं. "उजव्याला अडीच लागाया लागलंय." काखेतल्या गाठी काढलेल्या हातात घट्ट काही घालायचं नसतं, म्हणून मी तडकले. "घालत न्हाई वो, नुसती चढवून बघते," त्या म्हणाल्या. मी घाबरले आणि कॉलेजात शिकले होते तेच सांगितलं. ओझं बंद. पेटी आता कायमची खाली ठेवायची. मावशींनी पेटी ठेवली आणि फिरतीही बंद केली.

चार महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. सूज तेवढीच होती, बाई मात्र निम्मी झाली होती. आमचा एक जिना चढताना दोनदा बसल्या.

"हात जपला, मॅडम. पर मीच ऱ्हायले न्हाई की."

मला इतकी लाज वाटली म्हणता! त्या आठवड्यात मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हाती लागेल ते वाचून काढलं. ओझ्यानं हात बिघडतो ही जुनी भीती होती. बेतानं वाढवत नेलं तर ताकद येते, सूज वाढत नाही, केमोनंतरचा तो हाडात मुरलेला थकवाही हटतो. घाई मात्र करायची नाही आणि थांबायचंही नाही. मी फोन केला. "मावशी, पेटी घेऊन या. चूक माझी झाली."

पलीकडून आवाज आला, "डागदर लोक असं कबूल करत्यात व्हय?"

सुरुवात रिकाम्या पेटीनं. हातावर सूज दाबून धरणारी घट्ट बाही, आणि दर आठवड्याला पेटीत बांगड्यांचे दोन डबे जास्त. टेप माझी, बांगडी त्यांची आणि भांडण दोघींचं. सूज उतरली असं टेप सांगत होती तरी त्यांचा विश्वास बसेना. अडीचाची बांगडी उजव्या मनगटावरून घरंगळून खाली पडली तेव्हा बसला.

याला आता सात वर्षं झाली. व्यायाम एक दिवस चुकला नाही, आणि वर्षाची तपासणीही नाही.

यंदाच्या मे महिन्यात मात्र मावशी तपासणीला आल्या नाहीत. फोन बंद. तारीख चुकवणाऱ्या बायकांची मला धास्ती वाटते. दुखणं उलटलंय अशी शंका असते, ऐकायची हिंमत नसते, म्हणून त्या येत नाहीत. दोन आठवडे वाट पाहिली आणि रविवारी कामशेत गाठलं. सून म्हणाली, "अम्मी गडाखालच्या तिकोणा पेठेत चुडा भरायला गेल्यात."

गाडी तशीच पुढे काढली. तिथं लग्नघरच्या मांडवात नवरीचा हात दोन्ही हातांत धरून मावशी हिरव्या बांगड्या चढवत होत्या.

"तारीख विसरलात?" मी ओरडलेच. सगळा मांडव वळून बघू लागला.

"इसरले न्हाई. फोन पान्यात पडला, न्हाईतर सांगितलं असतं. लग्नसराई हाय, मॅडम. नवऱ्या पोरींचे हात सोडून येऊ व्हय? बुधवारी येते."

बुधवारी आल्या आणि तपासणीत सगळं ठीक निघालं. पण माझ्या डोळ्यांपुढे आहे ती रविवारची दुपार. चुडा भरून झाला, पेटी बंद झाली. नवरीचा मामा उचलू लागायला धावला. "सरका," मावशी म्हणाल्या. उजवा हात घालून भरलेली पेटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि चढणीला लागल्या. वरच्या वाडीत दुसरी नवरी होती.

मी त्यांच्या मागे निघाले. दुसऱ्या वळणावरच माझा दम संपला.

"मावशी, थांबा!"

"तुमी बसा तितंच," वरून आवाज आला. मग झाडीत पेटीही दिसेना.

मी दगडावर बसले आणि रडले. हाच हात मी कायमचा खाली ठेवायला सांगितला होता.