पुरात न पोहलेले मास्तर

मास्तरांच्या निरोप समारंभात मी भाषण ठोकलं आणि माती खाल्ली. "पूल वाहून गेला, तेव्हा आमचे इतिहासाचे मास्तर नदी पोहून आले आणि वार्षिक परीक्षा घेतली," असं ठणकावून सांगितलं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण आवाज असा लावला की जणू काठावर टॉवेल घेऊन मीच उभा होतो. हेडमास्तरांना भरून आलं. ही गोष्ट दगडात कोरून शाळेच्या दारात बसवू, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

मास्तर उठले. तोच कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, तीच खडूची पूड. आम्ही सनावळ्या घोकून जायचो आणि ते विचारायचे, "हे कोणी पाहिलं? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा?" मग मधल्या सुट्टीतली मारामारी दोघांच्या तोंडून वदवून घ्यायचे, तिसऱ्याने निवाडा करायचा. तो तास कधी संपायचा कळायचंही नाही. तसा तास पुन्हा कुठे मिळाला नाही.

"छान बोललास, बाळ," मास्तर म्हणाले. "फक्त मला पोहता येत नाही."

हशा पिकला.

"खरंच सांगतोय. त्या दिवशी मी पलीकडच्या काठाला मेहुण्याच्या पायजम्यात पत्ते खेळत बसलो होतो. परीक्षा शिवणाच्या बाईंनी घेतली म्हणे. ही गोष्ट ऐकायला गोड वाटायची, म्हणून मी कधी खोडून काढली नाही. पण दगडावर चढली तर बाई कायमच्या पुसल्या जातील."

मागच्या रांगेत शिवणाच्या बाई चष्मा पुसत शेजारणीला म्हणाल्या, "उशिरा का होईना, सुचलं बाई यांना."

"मग बाईंचं नाव कोरू," हेडमास्तरांनी सावरून घेतलं.

"थांबा. माझ्या शब्दावर कसं कोरता? मी तिथे होतो कुठे?" मास्तर माझ्याकडे वळले. "त्या परीक्षेला बसलेला कोणीतरी शोध. भाषण तू केलंस, निस्तर तूच."

भर सभेत मी हो म्हणालो.

बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मला नको विचारूस, मी माझंच कौतुक करीन." एक जण सापडला, पण तो नापास झालेला. त्याला अवघड प्रश्न तेवढे आठवतात, माणसं नाहीत. दगड शाळेच्या व्हरांड्यात कोराच पडून आहे. मास्तर वाटेत भेटले की प्रकृतीबद्दल बोलतात, साक्षीदाराचा विषय काढत नाहीत. मीही काढत नाही.