कॉम्प्युटरवरचं अंगण

आमच्या घरात एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली जायची. आईनं रांगोळ्या काढून काढून कॉम्प्युटर बंद पाडला, ही ती गोष्ट. मुलगा सांगायचा, जावई सांगायचे, गावच्या यात्रेला मटणाच्या पंगतीत पुतणे सांगायचे आणि सगळे हसायचे. माझी बायको होती तोवर तीही हसायची. गोष्ट खोटी होती, आणि ती मी पसरवली.

मी साताऱ्याकडचा. फौजेतून सुटल्यावर सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात सुरक्षेच्या कामावर लागलो आणि सांगलीतच घर बांधलं. मुलगा पुण्यात, मुलगी मिरजेत दिलेली. मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणून पुढच्या खोलीत लावून दिला. मी बातम्या वाचाव्यात, पेन्शनचं बघावं, असा त्याचा विचार. पण त्या खुर्चीत माझ्यापेक्षा जास्त बसली ती माझी बायको.

मुलीनं तिला चित्र काढायचं पान उघडून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आलो तर ही माउस धरून ठिपके देत बसलेली. सांगलीच्या घराला अंगण नव्हतं. दार उघडलं की फरशी, फरशीवर माझी स्कूटर आणि पुढं लगेच रस्ता. गावाकडं शेणानं सारवलेल्या अंगणात रांगोळी काढणाऱ्या बाईला हे किती लागलं असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

रंग भरायला त्यात बादलीचं चित्र असतं. रेघ कुठं जरा उघडी राहिली की बादलीतला रंग बाहेर पळतो आणि सगळं पान लाल होतं. मग आतून हाक यायची, "आवं, या की हिकडं! सांडला की समदा!"

"मग पूस."

"कशानं पुसू? पदरानं?"

मी जाऊन एक बटण दाबायचो, रंग परत बादलीत. तिला त्याचं लय नवल. जमलेली रांगोळी ती पडद्यावर मागं लावायची. रोज नवी. आदल्या दिवशीच्याही पुसायची नाही, त्याही तिथंच ओळीनं ठेवायची. डेस्कटॉप हा शब्द तिच्या तोंडात बसला नाही. ती त्याला अंगणच म्हणायची. "आंगाण दिसंस्तवर तुमी कशाला हात लावू नगा" असं मला बजावायची.

पुढं ते अंगण दिसायलाच उशीर व्हायला लागला. बटण दाबून चहा करून आणला तरी पडद्यावर नुसता गोल फिरत असायचा. मग एकेक चित्र उगवायचं. माउस इकडं हलवला की बाण मागाहून तिकडं जायचा. मी एकदा कावलो आणि म्हणालो, "तुझ्या या पसाऱ्यानं मशीन बसलंय."

"एवढ्याशा रांगोळीचं त्येला वज्जं हुतंय व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

ती आत भाकरी थापत असताना मी तिच्या सगळ्या रांगोळ्या निवडल्या आणि काढून टाकल्या. तिथला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. मशीन बंद करून परत चालू केलं. फरक काही पडला नाही. गोल तसाच फिरत होता. एवढ्यात ती हात पुसत बाहेर आली आणि मी म्हणालो, "बघ, कसं पळायला लागलं."

तिनं रिकाम्या निळ्या पडद्याकडं पाहिलं. "बरं झालं," म्हणाली. त्यानंतर ती त्या खुर्चीत बसली नाही. मी मात्र मुलाला फोनवर हसत हसत सांगितलं, आणि गोष्ट घरभर झाली.

तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. यंदा उन्हाळ्यात कॉम्प्युटर अगदीच अडून बसला, तेव्हा मीच शोध घ्यायला बसलो. आत काय काय चाललंय ते दाखवणारी एक खिडकी असते, टास्क मॅनेजर. ती उघडली. सगळ्यात वर दोन नावं, दोन्ही व्हायरसपासून राखण करणारी. एक मुलानं पहिल्यापासून घालून दिलेलं. दुसरं मी दुकानातून आणून घातलेलं, तिच्या रांगोळ्या चालू होत्या त्याच दिवसांत. फौजेत रात्री पहाऱ्याला संतरी एकटा ठेवत नाहीत, जोडीनं ठेवतात. इथंही तसंच असावं असं मला वाटलं होतं. पण हे दोघं दाराकडं बघतच नव्हते. एकानं उघडलेली फाईल दुसरा तपासायचा, दुसऱ्यानं उघडलेली पहिला. इतकी वर्षं ते एकमेकांचीच झडती घेत बसले होते.

एकाला काढून टाकलं. मशीन चालू केलं आणि खुर्ची पुढं ओढेपर्यंत पडदा समोर. स्वच्छ, मोकळा. आता कुणी त्यावर कितीही रांगोळ्या काढल्या असत्या तरी चाललं असतं. मी बराच वेळ तिथं बसून राहिलो. आतून हाक येईल असं उगीच वाटत होतं.

यात्रेला सगळे जमले. पुतण्यानं पंगतीत गोष्ट काढली, "काकीनं रांगोळी काढून..." तसं मी हातातली भाकरी ठेवली आणि सगळं सांगितलं. रांगोळ्या मी पुसल्या, मशीन पळालं नव्हतं, मी खोटं बोललो.

मग पुतणा म्हणाला, "म्हंजी आण्णा, तुमीच डबल संतरी लावलं हुतं व्हय?" आणि पंगत हसत सुटली. मुलगी तेवढी हसली नाही. वाढता वाढता माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "ह्ये आईला सांगायला पायजे हुतं, आण्णा."

आता तीच गोष्ट डबल संतरीची झाली आहे. परवा जावयांनी पाहुण्यांना सांगितली तेव्हा मी लक्ष देऊन ऐकलं. त्यात मी होतो, फौज होती, मशीन होतं. खोटेपणा गेला, ते बरंच झालं. पण चार माणसांत तिचं नाव निघायचं ते त्या गोष्टीपुरतंच, आणि आता गोष्ट तिच्यावाचून पुरी होते. जावई सांगून थांबले, पाहुणे हसले. मी मध्येच म्हणालो, "तिच्या रांगोळ्या लय देखण्या असायच्या." पाहुण्यांनी मान डोलवली आणि ऊसतोडीचं काय झालं, ते विचारलं.